मागणाऱ्याचा ताठ कणा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

गाणं ओठांवर राहतं, गाणाराही लक्षात राहतो. शब्द लिहिणारा मात्र मागे पडतो. आपल्याकडे हे घडतं तसंच अमेरिकेतही. ‘ओव्हर द रेनबो’ हे गाणं जग ओळखतं ते ज्युडी गार्लंडचं म्हणून. ते लिहिलं होतं यिप हारबर्ग यांनी.

हारबर्ग १८९६ साली न्यूयॉर्कमध्ये, रशियातून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबात जन्मले. आईवडील कपड्यांच्या कारखान्यात राबत. पुढे मोठा गीतकार झालेला आयरा गर्श्विन हा त्यांचा शाळासोबती. दोघांनाही कवितेचा नाद. पण कवितेवर पोट कसं भरणार? हारबर्ग विजेच्या उपकरणांच्या धंद्यात शिरले. १९२९ साली शेअर बाजार कोसळला. धंदा बुडाला, डोक्यावर कर्ज राहिलं. तेव्हा आयरानं त्यांची संगीतकार जे गॉर्नी यांच्याशी गाठ घालून दिली आणि वयाच्या तेहतिशीनंतर हा माणूस गीतकार झाला.

१९३२ साली न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर फुकट पावासाठी रांगा लागत होत्या. त्या वर्षी या दोघांनी एका रंगमंचीय कार्यक्रमासाठी ‘ब्रदर, कॅन यू स्पेअर अ डाइम?’ हे गाणं केलं. डाइम म्हणजे दहा सेंटचं नाणं. या गाण्यातल्या माणसानं रेल्वे बांधली आहे, उंच इमारती उभारल्या आहेत, तो युद्धात लढला आहे. आता तो रांगेत का, हे त्याचं त्यालाच कळत नाही. नाणं मागताना तो समोरच्याला ‘साहेब’ म्हणत नाही, ‘भाऊ’ म्हणतो. हात पसरलेला, पण कणा ताठ! बिंग क्रॉस्बीच्या आवाजात हे गाणं देशभर पोहोचलं.

१९३९च्या ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ या चित्रपटासाठी हॅरॉल्ड आर्लेननी चाल आधी दिली. कॅन्ससच्या शेतावरल्या लहान मुलीसाठी ती हारबर्गना फार भारदस्त वाटली. पुन्हा आयरालाच बोलावलं. चाल साधी करून वाजवल्यावर शब्द सुचले. चित्रपट लांबतोय म्हणून हे गाणं कापायचंही घाटत होतं. ते राहिलं आणि १९४० साली त्याला ऑस्कर मिळालं.

१९४७च्या ‘फिनियन्स रेनबो’ या संगीत नाटकात त्यांनी वर्णद्वेषाची टर उडवली. पुढे डाव्या विचारांच्या कलावंतांवर बहिष्कार सुरू झाला. हारबर्ग कम्युनिस्ट पक्षाचे सभासद नव्हते, तरी १९५०नंतर हॉलिवूड आणि दूरचित्रवाणीचे दरवाजे त्यांना बंद झाले. ते रंगभूमीसाठी लिहीत राहिले. १९६२ साली एका चित्रपटासाठी पुन्हा गाणी लिहिता आली. १९८१मध्ये त्यांचं निधन झालं.

गंमत पाहा. १९५६ साली ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ अमेरिकी दूरचित्रवाणीवर पहिल्यांदा दाखवला गेला आणि १९५९पासून जवळजवळ दरवर्षी. ज्या माध्यमात हारबर्गना काम नव्हतं, त्याच माध्यमातून त्यांचे शब्द घरोघरी जात होते आणि मुलांना पाठ होत होते.