वाट चुकलेली मुले आणि आपले कर्तव्य

(कन्हेरी येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावर गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव होतो, आणि तो व्हावयासच पाहिजे. परंतु ज्यांची नावे या यादीत कधी येत नाहीत, किंबहुना घरातील माणसेही ती हलक्या आवाजात घेतात, अशा मुलांविषयी आज चार शब्द बोलण्याची आम्ही अनुज्ञा मागतो.

३० सप्टेंबर २०२४ रोजी आपल्या बारामतीत एका महाविद्यालयाच्या आवारात एका कोवळ्या विद्यार्थ्याचा खून झाला. आरोप आला तो त्याच्याच वयाच्या मुलांवर. सारा तालुका हळहळला. त्या दिवसांत पारापारावर दोनच निकाल ऐकू येत. कोणी म्हणे, “संस्कार नाहीत”, कोणी म्हणे, “रक्तच तसले.” हे दोन्ही निकाल अपुरे आहेत, असे आता शास्त्रच सांगू लागले आहे.

न्यूझीलंडमधील डुनेडिन गावी १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांचा अभ्यास विद्वानांनी हाती घेतला व तो पुढे अनेक दशके चालविला. त्याच्या आधारे टेरी मॉफिट या विदुषींनी १९९३ मध्ये असे मांडले की, आडवाटेला जाणारी मुले दोन प्रकारची असतात. बहुसंख्य मुले मिसरूड फुटण्याच्या वयात बिघडतात आणि पुढे सावरतात. थोडी मुले मात्र बालपणापासूनच मारामारी, खोटेपणा, चोरी यांत सापडतात व प्रौढपणीही त्यातून सुटत नाहीत. त्याच मंडळींपैकी ६७२ जणांच्या मेंदूची चित्रे वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी घेण्यात आली. त्यांचा निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. जन्मभर वाट चुकलेल्यांच्या मेंदूचा वळ्यावळ्यांचा बाहेरचा थर सरासरीने पातळ व कमी विस्ताराचा आढळला. केवळ तारुण्याच्या उंबरठ्यावर घसरलेल्यांत असा व्यापक फरक दिसला नाही. २०२४ साली अनेक देशांतील संशोधकांनी वर्तनविकार असलेल्या १,१८५ मुलांची व तरुणांची तुलना इतर १,२५३ जणांशी केली. तेव्हाही त्या थराचा विस्तार, तसेच भय व भावना ओळखणारे मेंदूतील बदामाएवढे केंद्र, सरासरीने लहान आढळले.

या ठिकाणी सावध राहिले पाहिजे. ही सरासरी अनेकांची आहे. एखाद्या मुलाच्या मेंदूचे चित्र काढून “हा गुन्हेगार होणार” असे कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. शिवाय फरक आधी की वर्तन आधी, याचा उलगडा अशा चित्रांनी होत नाही. म्हणून हा फरक कपाळावरचा शिक्का समजू नये.

राहता राहिले बिघडून सावरणारे बहुसंख्य. आपण शेतकरी आहोत. उसाला दारे धरताना पाण्याचा लोट आधी आला आणि दार नीट बसले नसले, तर बांध फुटतो, हे आपणांस सांगावयास नको. पौगंडावस्थेत भावनांचा लोट असाच आधी येतो. त्यास आवर घालणारा कपाळामागील मेंदूचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत राहतो. फुटलेला बांध पाहून कोणी शेत सोडून जात नाही.

तर मग आपण काय करावे? पहिली गोष्ट, लपवू नये. मुलीची सोयरीक मोडेल या धास्तीने भावाचे वर्तन झाकले जाते आणि उपचाराची वर्षे हातची निघून जातात. दुसरी, पाच-सात वर्षांचे मूल वारंवार क्रूरपणे वागू लागले तर “मोठेपणी सुधारेल” म्हणून स्वस्थ बसू नये. लहान वयात आईबापांना योग्य वळणाचे शिक्षण दिले तर लाभ होतो, असा अनुभव आहे. तिसरी, छडीने हे दुखणे बरे होत नाही. उलट हिंसेचा धडा पक्का होतो. सल्ल्यासाठी २०२२ पासून टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. त्यावर दूरध्वनी करण्यात कमीपणा नाही.

आणि चौथी गोष्ट आमच्या मनाला सर्वांत जवळची आहे. आपल्यातील एखादा मुलगा येरवड्याच्या निरीक्षणगृहातून परत आला, तर त्यास आपल्या पंगतीत पान मांडलेले असावे. ज्या घरचा मुलगा गेला त्यांच्या दुःखाचा विसर पडावा, असे आम्ही म्हणत नाही. तसे दुःख दुसऱ्या घरी जाऊ नये, म्हणूनच हे सांगणे आहे. कायद्याने द्यावयाची शिक्षा कायदा देईल. परंतु परतलेल्या मुलाला घरी घेणे हे कायद्याच्या हाती नाही, आपल्या हाती आहे.

मंडळाने दोन शिक्षक, एक डॉक्टर व दोन जाणत्या माता यांची एक छोटी समिती नेमावी. तिच्याकडे पालकांनी निःसंकोच यावे व ऐकलेले तिने बाहेर बोलू नये, एवढी सूचना करून आम्ही आपली रजा घेतो.