हात थांबला तरी ड्रिल थांबत नाही



आपल्या महाड-पोलादपूरकडे कितीतरी घरांतली कर्ती माणसं मुंबईला, पुण्याला. ती येणार गणपतीला, नाहीतर शिमग्याला. मधल्या काळात पडवीचा पत्रा सुटला, पन्हळीची पट्टी निघाली, मांडणी भिंतीला ठोकायची राहिली, तर ते बघायचं आपणच. मिस्त्रीला एका भोकासाठी बोलावलं तर तो "उद्या येतो" म्हणतो, आणि खरं तर त्यालाही ते परवडत नाही. म्हणून काही गट आता वर्गणी काढून एक ड्रिल मशीन घेतात आणि वाडीत फिरवतात. आज त्याबद्दलच बोलू.

पूर्वी सुतार सामत्याने भोक पाडायचे. दोरी ओढली की सामता फिरायचा, हात थांबला की तोही थांबायचा. हातात धरायचं विजेचं ड्रिल १८९५ साली जर्मनीतल्या श्टुटगार्टला फाइन कंपनीत तयार झालं, आणि ती हाताची आणि हत्याराची गाठ सुटली. घरगुती ड्रिल मिनिटाला २८०० फेऱ्यांपर्यंत फिरतं. म्हणजे एका सेकंदात चाळीसहून जास्त वेढे. पदराचं टोक त्यात गेलं तर "अगं" म्हणायच्या आत सगळा पदर गुंडाळला जातो, आणि पदरामागून आपण.

म्हणून आधी अंगावरचं बघायचं. भात लावणीला खोचतो तसा पदर कमरेला घट्ट खोचा, ओढणी काढून ठेवा. वेणी पाठीवर सोडू नका, अंबाडा घाला. लांब मंगळसूत्र पोलक्याच्या आत टाका. हातातल्या सैल बांगड्या तेवढ्यापुरत्या उतरवा. यावरून कुणी सासूबाई काही बोलल्याच तर त्यांनाच मशीनजवळ बसवून एकदा फिरताना दाखवा. आणखी एक, सुती हातमोजे घालू नका. हाताला जपायला म्हणून घालतो, पण फिरत्या बिटात मोज्याचा धागा अडकला तर बोटच ओढलं जातं. डोळ्यांना मात्र चष्मा हवाच. साधा नंबरचा चष्मा चालत नाही, बाजूने बंद असलेला हवा. नाकातोंडाला मास्क बांधा, सिमेंटची धूळ छातीत बसते.

आता आपल्याकडची खास गोष्ट, ती म्हणजे वीज. ड्रिलच्या खटक्याजवळ बाजूला एक छोटं बटण असतं. खटका दाबून ते बटण दाबलं की खटका अडकून राहतो, बोट दुखत नाही. सोयीचं आहे, पण पावसाळ्यात लाईट कधी जाते नि कधी येते याचा नेम नसतो. खटका अडकलेला असताना लाईट गेली, आपण मशीन ओट्यावर ठेवून चहाला गेलो, आणि लाईट आली, तर मशीन आपलं आपण सुरू होतं. ओट्यावर उड्या मारतं, आणि शेजारी पोर खेळत असतं. आमच्या मते घरच्या कामाला ते बटण वापरूच नये. आणि लाईट गेली की पहिलं काम पिन काढायची. मशीन खाली ठेवण्याच्याही आधी.

भिंतीत भोक पाडताना बोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली किंवा सरळ आडव्या रेषेत बिट लावू नका. आतून वायर बहुतेक त्याच रेषेत गेलेली असते. भिंत ओलसर असेल तर थांबा. गणपतीच्या मखरासाठी खिळे ठोकायची घाई असते ती नेमकी भर पावसात, म्हणून ते काम मे महिन्यात उरकलेलं बरं. मीटरजवळ ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. बऱ्याच घरांत एमसीबी असतो आणि तेवढ्यावर आपण निर्धास्त होतो. पण एमसीबी वायर जळण्यापासून वाचवतो, माणसाला शॉकपासून वाचवायचं काम आरसीसीबीचं. त्याच्यावर टेस्टचं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबून बघा, खटका पडला पाहिजे. मशीनच्या पाटीवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर ते दुहेरी आवरणाचं, त्याला अर्थिंगची तिसरी पिन नसते. तशी खूण नसेल तर तीन पिनांचीच जोडणी हवी. आणि खूण असली तरी ओल्या हाताने, ओल्या अंगणात उभं राहून ते चालवायचं नाहीच.

कामाला दोघी लागतात. एक मशीन धरणारी, दुसरी बोर्डाच्या खटक्यापाशी. धरणारीने दोन्ही हातांनी धरायचं, एक मुठीला आणि दुसरा पुढच्या आडव्या दांड्याला. दांडा काढून ठेवण्याची बऱ्याच जणींना सवय असते. पण बिट सळईला लागून अडकलं की फिरायचं थांबतं ते बिट, आणि फिरतं ते मशीन, आपल्या मनगटासकट. असं झालं तर खटका सोडा, पिन काढा, मग उलटं फिरवून बिट सोडवा. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर किंवा पिंपावर चढून तर मुळीच नाही. चार पाय टेकणारं लाकडी स्टूल घ्या, तेही दुसरीने धरलेलं.

बिटं तीन तऱ्हेची असतात. लाकडाच्या बिटाला मध्ये सुईसारखं टोक असतं. लोखंडाचं बिट साधं निमुळतं असतं, त्याला तेलाचा एक थेंब द्यायचा आणि मशीन हळू चालवायचं. भिंतीच्या बिटाचं टोक दांड्यापेक्षा जरा रुंद असतं. हातोडीचं चिन्ह असलेली कळ काँक्रीट आणि पक्क्या विटेसाठी. लाकूड, लोखंड आणि फरशीला ती बंद. जांभ्याची भिंत असेल तरीही बंदच ठेवा, नाहीतर कडा ढासळतात आणि गिट्टी सैल बसते.

सांभाळायचं म्हणजे काय, तर काम झालं की पिन काढून कोरड्या फडक्याने पुसा. हवेच्या भोकांतली धूळ रंगाच्या ब्रशने झटका, ती साचली की आतलं मोटर तापतं. आपल्याकडे जूनमध्ये लोखंड गंजायला आठवडा पुरतो, म्हणून चकवर मशीनच्या तेलाचा थेंब लावून पुसून ठेवा. भोकांतून आतल्या ठिणग्या जास्त दिसायला लागल्या, जळका वास आला, मशीन थांबत थांबत चाललं, तर कार्बन ब्रश झिजले असतील. ते जोडीनेच बदलायचे आणि जाणत्या कारागिराकडून. वायर पकडून मशीन उचलू नका. वायरला चीर पडली तर टेप गुंडाळून भागवू नका, वायरच बदला. एक्स्टेंशनची वायर गुंडाळलेली ठेवून काम करू नका, ती तापते, सगळी उलगडा.

२२ जुलै २०२१ ला सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत घुसलं, ते आपण कुणीच विसरलेलो नाही. घराघरात मिक्सर, पंप, हत्यारं पाण्याखाली गेली. पुराच्या पाण्यात बुडालेलं मशीन उन्हात वाळवलं की बरं झालं, असं समजू नका. वरून कोरडं दिसतं, पण आत गाळ बसलेला असतो. ते वाइंडिंगवाल्याने उघडून धुतल्या-सुकवल्याशिवाय पिन लावायची नाही. पाणी चढतं अशा भागात गटाचं मशीन खाली ठेवूच नका, माळ्यावर ठेवा.

शॉक लागून कुणी चिकटलेली दिसली तर तिला हात लावू नका, आधी मेन बंद करा, मग १०८ ला फोन. डोळ्यात कण गेला तर चोळू नका, स्वच्छ पाण्याने धुवा. रुतलेला असेल तर काढायला जाऊ नका, डोळा झाकून सरकारी दवाखाना गाठा.

शेवटी चकच्या चावीचं. बिट बदलताना पिन काढायची हे सगळ्यांना माहीत असतं, आणि घाईत कुणीच काढत नाही. शिवाय चावी चकमध्ये विसरली तर ती गोफणीतल्या दगडासारखी सुटते. त्यावर एक सोपी युक्ती आहे. चावी दोरीने वायरच्या पिनेजवळ बांधून टाका, दोरी वीतभरच ठेवा. मग चावी चकपर्यंत आणायची तर पिन बोर्डातून काढावीच लागते.