तेल उसनं मिळत नाही

येशू ख्रिस्तांनी सांगितलेली दहा कुमारिकांची गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकली असेल. लग्नघर आहे, नवरदेव यायचा आहे. दहाही जणींच्या हाती दिवे आहेत. पाच जणींनी जादा तेल बरोबर आणलंय, पाच जणींनी नाही. नवरदेवाला उशीर होतो, सगळ्यांचाच डोळा लागतो आणि मध्यरात्री हाक येते. ज्यांचे दिवे विझू लागलेत त्या शेजारणींकडे तेल मागतात. शेजारणी देत नाहीत. बिचाऱ्या बाजारात धावतात, तोवर इकडे दार लागतं.

मी मुसलमान. हजरत ईसा आणि बीबी मरियम ही नावं आमच्यातही अदबीनं घेतात. पण ही गोष्ट मी वाचली ती मराठी बायबलात. खरं सांगू? त्या शहाण्या पाच जणी मला कंजूष वाटतात. पळीभर तेलानं काय बिघडलं असतं? अशा वेळी मला आमच्या नाशिकच्या लक्ष्मीबाई टिळक आठवतात.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडिलांचं सोवळं असं कडक की घरात मीठसुद्धा धुवून घेत. अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी लग्न झालं. टिळक कवी, मनस्वी, घरात पाय न ठरणारे. 1893 साली आगगाडीत भेटलेल्या एका गोऱ्या प्रवाशानं त्यांच्या हाती बायबल दिलं. त्यातल्या डोंगरावरच्या प्रवचनानं ते भारून गेले आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता पाहा. नवऱ्याचा दिवा लखलखतोय आणि बायकोच्या दिव्यात तेल नाही. टिळकांना ते ओतून देता आलं का? नाही. जवळजवळ पाच वर्षं दोघं वेगळी राहिली. बाईंनी रडून घेतलं, भांडून घेतलं, पण नवऱ्यानं धर्म बदलला म्हणून आपणही बदलायचा, असं केलं नाही. पुन्हा एकत्र राहू लागल्यावरही नाही. आधी मनातली शिवाशिव गेली. मीठ धुणाऱ्या घरातली मुलगी कुणाच्याही हातचं पाणी प्यायला तयार झाली. माझ्या मते खरा बाप्तिस्मा तो. पाण्याचा विधी 1900 साली झाला.

तेव्हा कुठे त्या पाच जणींचा नकार मला थोडा उमगतो. आम्ही नमाजाआधी वजू करतो. भावानं वजू केला म्हणून माझा होत नाही. नियतही ज्याची त्यालाच करावी लागते.

गोष्टीतली आणखी एक बाब सहसा कुणी सांगत नाही. झोप दहाही जणींना लागली होती, शहाण्यांनासुद्धा! म्हणजे रात्रभर डोळे ताणून बसणं ही तयारी नव्हे. माणूस थकतो, पेंगतो, ते चालतं. हाक आली की दिवा लावता आला पाहिजे, एवढंच.

लक्ष्मीबाईंना तशी हाक आली 9 मे 1919 ला. टिळक गेले. मागं राहिलं 'ख्रिस्तायन', येशूचरित्रावरचं ओवीबद्ध महाकाव्य. टिळकांनी ते 1909 साली हाती घेतलं होतं, पण दहा-अकरा अध्यायांपुढे गेलं नव्हतं. मराठी ओवीत ख्रिस्तकथा नवी नाही, फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' 1616 सालीच छापलं गेलं. पण शाळेचं तोंड न पाहिलेल्या, नवऱ्यानं अक्षरओळख करून दिलेल्या एका विधवेनं महाकाव्य पुढे न्यायचं, ही गोष्ट वेगळी. मीही कवी आहे. स्वतःची अर्धी राहिलेली कविता चार महिन्यांनी हाती घेतली तर तिचा सूर सापडत नाही. बाईंनी दुसऱ्याच्या अर्ध्या काव्याला चौसष्ट अध्याय जोडले! उपजीविका, मुलाचा संसार, कराचीपर्यंतची वणवण, हे सारं सांभाळून. त्यातच 1934 पासून 'स्मृतिचित्रे' छापून येऊ लागली. आज लोक त्यांना ओळखतात ते या आत्मचरित्रामुळं, आणि ते रास्तच आहे. 'ख्रिस्तायन' मात्र ग्रंथालयात मागितलं तर कपाटाच्या तळातून काढून द्यावं लागतं.

24 फेब्रुवारी 1936 रोजी नाशिकातच लक्ष्मीबाई गेल्या. शेवटचा अध्याय राहून गेला होता. तो त्यांचे चिरंजीव देवदत्त यांनी लिहिला आणि 1938 साली ग्रंथ छापून बाहेर आला.