आलेखावरील लाटा

काचेची एखादी चकती प्रकाशयंत्रात बसवावयाची असेल, तर ती घडविण्यापूर्वी तिच्यातून प्रकाश कसा जाईल, हे आता संगणकावर आजमावतात. केन यी यांनी १९६६ साली मांडलेली रीत त्यासाठी रूढ आहे. अवकाशाची बारीक घरे पाडावयाची, काळाचे लहान टप्पे करावयाचे आणि मॅक्सवेलची समीकरणे घराघरांतून सोडवीत जावयाचे. उत्तराचा आलेख संथ यावा अशी अपेक्षा असते. पुष्कळदा त्यावर बारीक लाटा उमटतात. त्या पुसून रेषा गुळगुळीत करण्याचा मोह होतो. पण ताप उतरला म्हणजे रोग गेला, असे होत नाही.

या लाटांची कारणे मुख्यतः तीन. संगणकातील अवकाशाला सीमा असते. गोलघुमटात उच्चारलेला शब्द परत यावा, तसा सीमेवर आदळलेला प्रकाश परततो. तो गिळणारा थर बेरांजे यांनी १९९४ साली सुचविला. तो अपुरा पडला की लाटा उठतात. दुसरे कारण उतावळेपणाचे : आतला प्रकाश विरण्यापूर्वीच गणित थांबविले जाते. तिसरे, घरे मोठी असणे. १५५० नॅनोमीटरची प्रकाशलहर सिलिकॉनमध्ये सुमारे ४४५ नॅनोमीटरची होते; घरे त्या मानाने पुरेशी लहान हवीत.

म्हणून प्रथम सीमा दूर न्यावी, मग गणित अधिक काळ चालवावे, मग घरे लहान करावीत. मात्र एका वेळी एकच बदल करावा. ज्या बदलाने लाटा बदलतील, तेथे दोषाचे मूळ.

आणि कशानेही त्या बदलल्या नाहीत तर? मग त्या बहुधा निसर्गाच्याच असतात. चकतीच्या दोन पृष्ठांमध्ये प्रकाश येरझारा घालतो, तेव्हा काही लहरी अधिक पार होतात, काही कमी. ही लाट आलेखातून पुसली, तरी तयार झालेल्या यंत्रात ती उमटतेच.

फ्रेनेलने १८१८ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे प्रकाशाच्या तरंगांचा सिद्धांत ठेवला. त्यावरून गोल चकतीच्या छायेच्या मध्यभागी तेजस्वी ठिपका यावयास हवा, असे प्वासाँने दाखविले. सिद्धांत खोटा ठरविणे हा त्यामागील हेतू. आरागोने प्रयोग केला, आणि ठिपका दिसला! नकोसे उत्तर आणि चुकीचे उत्तर, यांतील भेद कसोटीवाचून कळत नाही.