भाकरीच्या मुलखात कीटो: जालन्याच्या स्वयंपाकघरातल्या पाच रेसिपी

खूप दिवसांपासून मेसेज येत होते की कीटोवर एक भाग करा. त्यातही एक प्रश्न पुन्हा पुन्हा यायचा. "दादा, इंटरनेटवरच्या रेसिपींना अ‍ॅव्होकाडो लागतो, बदामाचं पीठ लागतं, कसलं कसलं चीज लागतं. आम्ही परतूर, मंठ्यात राहतो. आम्ही काय खायचं?" एकदम बरोबर प्रश्न आहे. तर आजचा भाग त्याच्यावर.

आधी माझं सांगतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीवर. घर जालन्यात, काम लॅपटॉपवर. गेली दीड वर्षं मी कमी कार्ब्जचं खातोय. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. मी फक्त रोज स्वयंपाक करणारा आणि आकडे मांडणारा माणूस आहे. हे लक्षात ठेवून ऐका.

कीटो म्हणजे नेमकं काय

आपलं शरीर एरवी साखरेवर चालतं. भाकरी, पोळी, भात, साबुदाणा या सगळ्याची शेवटी साखरच होते. खाण्यातले कार्ब्ज एकदम कमी केले, की काही दिवसांत लिव्हर फॅटपासून कीटोन नावाचं इंधन बनवायला लागतं. म्हणून नाव कीटो. हे इन्स्टाग्रामवर जन्मलेलं फॅड नाही. १९२१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर या डॉक्टरांनी फिट येणाऱ्या रुग्णांसाठी हा आहार मांडला. उपाशी राहिलं की फिट कमी येतात हे डॉक्टरांना माहीत होतं, पण माणूस किती दिवस उपाशी राहणार? मग जेवूनही शरीराला उपवासासारखं वाटावं, असा हा आहार. औषधांनी फिट थांबत नाहीत अशा मुलांना आजही डॉक्टरांच्या देखरेखीखाली तो देतात. वजन कमी करण्यासाठी तो वापरणं ही खूप नंतरची गोष्ट.

आणि एक गोंधळ इथंच मिटवू. आपल्या मराठवाड्यात "डाएट" म्हटलं की लोकांना आधी दीक्षित डाएट आठवतं. डॉ. जगन्नाथ दीक्षित लातूरला प्राध्यापक होते, आणि डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावरून त्यांनी ते लोकांपर्यंत नेलं. त्यात दिवसातून दोनदाच जेवायचं, ५५ मिनिटांत जेवण संपवायचं आणि रोज चालायचं. पण त्या जेवणात भाकरी चालते. म्हणजे तिथं प्रश्न "किती वेळा" हा आहे, आणि कीटोत प्रश्न "काय" हा आहे. दोन्ही वेगळे.

आपली खरी अडचण: भाकरी

कीटोत दिवसाचं कार्ब्जचं बजेट साधारण २० ते ५० ग्रॅम असतं, फायबर वजा करून. आता हिशोब बघा. एका मध्यम ज्वारीच्या भाकरीला ५० ते ६० ग्रॅम पीठ लागतं. त्यात ३५ ते ४० ग्रॅम कार्ब्ज. फायबर वजा केलं तरी तीसच्या आसपास. म्हणजे एका भाकरीत जवळपास दिवसाचं बजेट संपलं. बाजरी, गहू यांचंही फार वेगळं नाही. पिठलं खाऊ म्हणाल, तर बेसनात १०० ग्रॅमला फायबर सोडून ४५ ग्रॅमच्या वर कार्ब्ज आहेत. आपल्या जालन्याची मोसंबी, जीआय मानांकन मिळालेली, जीव की प्राण. पण एक मोठा ग्लास रस प्यायला की वीस ग्रॅमच्या आसपास साखर पोटात.

आणि उपवास? एकादशी दुप्पट खाशी, हे आपल्या लोकांनी आधीच ओळखलंय. साबुदाणा, भगर, बटाटा, रताळं... उपवासाचं ताट म्हणजे कार्ब्जचं ताट. अपवाद एकच, दाण्याची आमटी. तिच्याकडं येऊच.

पण ह्याच स्वयंपाकघरात दुसरी बाजू पण आहे. जवस, कारळं, तीळ, शेंगदाणे, सुकं खोबरं, वांगं, मेथी, शेपू, अंबाडी, अंडी, ताक. मराठवाड्याच्या ताटात जे भाकरीच्या *शेजारी* असतं, ते बहुतेक सगळं कीटोत बसतं. फक्त मधली भाकरी काढली की ताट रिकामं वाटतं. म्हणून पहिली रेसिपी भाकरीचीच.

१. जवसाची भाकरी

जवसात १०० ग्रॅमला जवळपास २९ ग्रॅम कार्ब्ज दिसतात, पण त्यातलं २७ ग्रॅम फायबर असतं. उरले दीड-दोन ग्रॅम. किराणा दुकानात सहज मिळतो, आणि बदामाच्या पिठाच्या तुलनेत खूपच स्वस्त.

१०० ग्रॅम जवस मंद आचेवर हलका भाजा, तडतडला की उतरवा. गार झाला की मिक्सरला बारीक करा. पाऊण वाटी पाण्याला मीठ, जिरे घालून उकळी आणा, गॅस बंद करा आणि पीठ घालून उकड काढतो तसं हलवा. पाच मिनिटं झाकण. मग हाताला तेल लावून मळा, चार गोळे करा. प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये थापा किंवा लाटा, आणि तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजा.

खरं सांगू का, ही फुगत नाही, पापुद्रा येत नाही. चवीला जवसाची चटणीच थापल्यासारखी लागते. पण रश्श्यात बुडवता येते, भाजी उचलता येते. दोन खाल्ल्या की पोट भरतं. फक्त पाणी भरपूर प्या, एवढं फायबर कोरडं गेलं तर पोट जाम होतं.

२. वांग्याचं भरीत

ह्याच्यात बदल करायची गरजच नाही. दोन मोठी भरताची वांगी तेल लावून गॅसवर किंवा चुलीवर भाजा. सोबत पाच-सहा हिरव्या मिरच्या आणि लसणाच्या आठ-दहा पाकळ्या भाजा. मिरची, लसूण, मीठ खलबत्त्यात ठेचा. कढईत तीन चमचे तेल, मूठभर शेंगदाणे, पातीचा कांदा, मग ठेचा आणि वांगं. वरून कोथिंबीर. मिक्सरमध्ये फिरवू नका, त्याची पेस्ट होते आणि मजा जाते.

३. दाण्याची आमटी

ही वरणाच्या जागी. दोन माणसांना १०० ग्रॅम भाजलेले, सोललेले शेंगदाणे, दोन हिरव्या मिरच्या, थोडं पाणी, एकदम गुळगुळीत वाटा. तुपात जिऱ्याची फोडणी, त्यात वाटण, दोन वाट्या पाणी, मीठ, दोन-तीन आमसुलं. मंद आचेवर दहा मिनिटं उकळा, हलवत राहा, नाहीतर खाली लागते. नेहमीचा गूळ घालायचा नाही, एवढाच फरक. एका माणसाच्या वाट्याला साधारण चार ग्रॅम कार्ब्ज आणि पंचवीस ग्रॅम फॅट. मात्र शेंगदाणे येता-जाता मूठ-मूठ खाऊ नका. चार मुठी झाल्या की हिशोब गडबडतो.

४. काळ्या मसाल्यातली अंडी

रश्श्याला दाटपणा कशानं आणता, हा इथं खरा मुद्दा. येसर वापरत असाल तर त्यात भाजलेले गहू, डाळी असतात. ते इथं नको. त्याऐवजी दोन चमचे सुकं खोबरं आणि एक चमचा तीळ भाजून घ्या. लसूण, आलं, एक छोटा भाजलेला कांदा घालून वाटा. तीन चमचे तेलात वाटण तेल सुटेपर्यंत परता, मग दीड चमचा काळा मसाला, मीठ, गरम पाणी. रस्सा खदखदला की गॅस बारीक करा आणि चार अंडी एकेक करून थेट रश्श्यात फोडून सोडा. हलवू नका. झाकण ठेवा, सहा-सात मिनिटांत तयार. अंडी न खाणाऱ्यांनी ह्याच रश्श्यात पनीर टाका, फक्त पाकिटावरचे कार्ब्ज बघून घ्या, कंपनीगणिक फरक असतो.

५. फ्लॉवरचा फोडणीचा भात

फ्लॉवर किसणीवर किसा. जाड फडक्यात घालून पाणी पिळून काढा, ही पायरी सोडायची नाही. मोहरी, जिरे, हिंग, कढीपत्ता, मिरची, थोडे शेंगदाणे, हळद. मोठ्या आचेवर किस चार-पाच मिनिटं परता, झाकण न ठेवता. वर लिंबू, कोथिंबीर. झाकण ठेवलं की भात जाऊन लगदा होतो. उरला तर दुसऱ्या दिवशी गार करून दही, मोहरीची फोडणी घाला. दहीभात आठवतो.

आता पूर्ण दिवसाची बेरीज. दोन जवसाच्या भाकरी १ ग्रॅम, भरीत ७-८, आमटी ४, अंड्याचा रस्सा ४-५, फ्लॉवर ६, एक ग्लास पातळ ताक ३-४. झाले २५ ते २८ ग्रॅम. ह्यात उपाशी राहणं कुठं आहे? आणि परदेशातून मागवलेलं काहीच नाही.

प्रवासाचं पण सांगतो. पुण्याच्या बससाठी माझा डबा ठरलेला. उकडलेली चार अंडी, काकडी, आणि जवस-कारळ्याची कोरडी चटणी तेलात कालवून. ढाब्यावर थांबलं की चहा बिनसाखरेचा.

मीठ आणि ऊन

पहिल्या आठवड्यात डोकं दुखतं, अंग गळून जातं, पायात गोळे येतात. याला लोक कीटो फ्लू म्हणतात. कारण साधं आहे. कार्ब्ज कमी झाले की इन्सुलिन कमी होतं, आणि किडनी जास्त मीठ-पाणी बाहेर टाकते. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा घामावाटे आणखी मीठ जातं. म्हणून बीपीचा त्रास नसेल तर मीठ घातलेलं पातळ ताक दिवसातून एक-दोनदा. शक्यतो मे महिन्यात कीटो सुरूच करू नका. दिवाळीनंतर करा, पालेभाज्या पण स्वस्त असतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं

माझ्या पप्पांना दहा वर्षांपासून डायबेटिस आहे. माझं वजन कमी झालेलं बघून ते म्हणाले, "उद्यापासून मी पण." मी म्हटलं, आधी डॉक्टर. ते वैतागले. "भाकरी सोडायला डॉक्टरला काय विचारायचं?"

विचारायचं ते यासाठी. साखर कमी करणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना कार्ब्ज अचानक बंद केले तर साखर धोक्याच्या खाली जाऊ शकते. डोस आधी बदलावा लागतो. दुसरं याहून गंभीर. ज्या गोळ्यांच्या नावाच्या शेवटी "ग्लिफ्लोझिन" येतं, जसं डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, त्या घेताना कीटो केलं तर रक्तात अ‍ॅसिड वाढून जीवावर बेतू शकतं. आणि फसवं काय, तर ग्लुकोमीटरवर साखर जवळपास नॉर्मल दिसू शकते. उलट्या, पोटदुखी, धाप, खूप थकवा, असं झालं तर मीटर बघत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. पप्पांच्या पाकिटावर हेच नाव होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, कीटो नाही. त्यांनी दुसरा मार्ग दिला. जेवणाला तीनऐवजी एक भाकरी, भाजी दुप्पट, साखरेचा चहा बंद, संध्याकाळी चालणं. भरीत आणि अंड्याचा रस्सा आम्ही दोघं एकाच पातेल्यातून खातो. त्यांच्या ताटात ज्वारीची भाकरी, माझ्या ताटात जवसाची.

गरोदर बाया, बाळाला पाजणाऱ्या आया, किडनीचा किंवा लिव्हरचा आजार असलेले, टाइप १ डायबेटिसवाले, यांनी मनानं कीटो करू नये. बाकीच्यांनी सुरू करण्याआधी आणि तीन महिन्यांनी कोलेस्टेरॉल तपासा, काही जणांचं एलडीएल बरंच वाढतं. आणि एक प्रामाणिक गोष्ट. सुरुवातीला वजन झपाट्यानं उतरतं, त्यात पाणी पण असतं. वर्षभरानंतर कीटो आणि बाकीचे डाएट यांच्यातला फरक कमी होत जातो, असं बऱ्याच चाचण्यांत दिसलंय. म्हणजे जो आहार तुम्हाला निभतो, तोच तुमचा.

शेवटचं, घरच्यांचं. घरात एक जण डाएट करतो आणि आई दोन-दोन स्वयंपाक करते, हे मला पटत नाही. वेगळं लागतं ते आपण करायचं. मी रविवारी आठवड्याचा जवस दळून ठेवतो, दाण्याचं कूट करून ठेवतो. भरीत, रस्सा सगळ्यांसाठी एकच. आणि महालक्ष्म्यांची पुरणपोळी, हिवाळ्यातला हुरडा? मी खातो. शेतात आगटीभोवती सगळे बसलेत आणि मी डब्यातली काकडी खातोय, असलं जगणं नको. दोन-तीन दिवसांत गाडी परत रुळावर येते. कीटो हा काही धर्म नाही, मोडला म्हणून पाप लागत नाही.

तुमच्या घरी बिनाभाकरीचं काय बनतं ते व्हॉइस नोट करून पाठवा. अंबाडी आणि चुक्याच्या रेसिपी असतील तर आधी पाठवा, पुढचा भाग पालेभाज्यांवर करायचाय. तोवर खा, चाला, पाणी प्या. भेटू.