किर्लोस्कर मंडळीची तालीम



आज रात्री आपण विद्यार्थी 'संगीत सौभद्रा'तील दोन प्रवेश सादर करणार आहात, हे कार्यक्रमपत्रिकेत वाचल्यापासून अन्य विषयावर बोलण्याची इच्छाच मला उरली नाही. म्हणून ज्या मंडळीने हे नाटक प्रथम रंगभूमीवर आणले, त्या किर्लोस्कर नाटक मंडळीची हकीकत आपणांपुढे मांडण्याची अनुज्ञा मी मागतो.

विष्णुदास भाव्यांनी सांगलीस 'सीतास्वयंवर' केले ते १८४३ साली, आणि त्याच वर्षी गुर्लहोसूर येथे बळवंत पांडुरंग तथा अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म झाला. बेळगावास शिक्षकी आणि पुढे पुण्यास रेव्हिन्यू कमिशनरच्या कचेरीत कारकुनी करणाऱ्या या गृहस्थाने, दप्तराचे काम सांभाळून, कालिदासाचे 'शाकुंतल' मराठीत आणले आणि त्याचे पहिले चार अंक ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात करून दाखविले. त्यापूर्वीच्या नाटकांत गाण्याचा भार बहुतांशी सूत्रधारावर असे. अण्णासाहेबांनी तो पात्रांच्या कंठी सोपविला, साकी-दिंडीसारख्या घरोघर रुळलेल्या चाली, कर्नाटकी धाटणी आणि रागदारी यांची सांगड घातली, आणि शकुंतलेचे दुःख शकुंतलेनेच गावे, ही आज आपणांस स्वाभाविक वाटणारी गोष्ट मराठी प्रेक्षकांच्या अंगवळणी पाडली. मुंबईत त्रिलोकेकरांचे संगीत 'नलदमयंती' १८७९ मध्येच झाले होते, हे मी येथे आवर्जून सांगतो, कारण आद्यत्वाच्या वादात न्याय सर्वांस मिळावा. परंतु त्या कल्पनेला स्थिर बिऱ्हाड, मुक्कामांची शिस्त आणि चोख जमाखर्च देऊन तिची संस्था उभी केली ती अण्णासाहेबांनी. १८८२ मध्ये 'सौभद्र' आले, आणि त्याच वर्षी बडोद्याहून आलेल्या भाऊराव कोल्हटकरांच्या आवाजाने मंडळीची कीर्ती इलाख्याबाहेर गेली.

१८८५ साली अण्णासाहेब निवर्तले, तेव्हा त्यांचे वय अवघे बेचाळीस होते आणि 'रामराज्यवियोग' अपुरेच राहिले होते. ज्याने नाटके लिहिली, चाली बांधल्या, सूत्रधार म्हणून रंगमंचावर पाऊल टाकले, असा पुरुष निघून गेल्यावर मंडळी मोडावी, हाच लोकव्यवहाराचा दाखला; पण ती मोडली नाही. माझ्या मते याचे कारण भाऊरावांचा आवाज एवढेच नव्हते. मंडळी ही मूलतः पाठशाळा होती, हे त्याचे खरे कारण. बेळगावात अण्णासाहेबांच्या हाताखाली शिकलेले गोविंद बल्लाळ देवल पुढे मंडळीचे तालीममास्तर झाले. शब्दाचा उच्चार, वाक्याचा विराम, पदातील अर्थाचा भार या बाबतींत कोणाचीही गय न करणाऱ्या या गुरूने १८९९ मध्ये 'शारदा' देऊन, जरठकुमारीविवाहासारखा जिव्हारी लागणारा चालू काळाचा प्रश्न संगीत रंगभूमीवर उभा केला. भास्करबुवा बखले बालपणी याच मंडळीत होते. आवाज फुटल्यावर रंगभूमी सुटली, आणि दीर्घ साधनेनंतर थोर गवई झालेल्या त्या मुलाने पुढे बालगंधर्वांना गाणे शिकविले. राम गणेश गडकरीही तरुण वयात या मंडळीतील मुलांना शिकविण्याच्या कामावर होते. नाटक कंपनीने पोरांच्या अक्षरओळखीसाठी मास्तर ठेवावा, ही तजवीज मला कोणत्याही गाजलेल्या प्रयोगाइतकीच गौरवास्पद वाटते.

१९०१ मध्ये भाऊराव गेले आणि पुन्हा पोकळी पडली. चार वर्षांनी, राजर्षी शाहू छत्रपतींच्या प्रोत्साहनाने, नारायण श्रीपाद राजहंस नावाचा मुलगा मिरजेस मंडळीत दाखल झाला. देवलांनी त्याच्याकडून शकुंतलेची भूमिका बसवून घेतली. तेच हे बालगंधर्व. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत खाडिलकरांचे 'मानापमान' झाले, त्याच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या होत्या. आणि त्याच दिवशी आपली कन्या मृत्यू पावली असताही बालगंधर्व त्या नाटकातील भामिनी म्हणून उभे राहिले. हा प्रसंग पुष्कळदा कर्तव्यनिष्ठेचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. मला मात्र तो उच्चारताना आजही जड जाते, आणि त्या पित्याची स्तुती करण्यापेक्षा त्याच्याविषयी मौन पाळणे मला अधिक उचित वाटते.

त्याच वर्षी 'मानापमाना'त धैर्यधराचे काम करणारे आणि मंडळीचा कारभार वाहणारे नानासाहेब जोगळेकर वारले. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे यांनी बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी स्थापिली. इतका मोठा आघात झाल्यावरही किर्लोस्कर मंडळीने दीनानाथ मंगेशकर हा कोवळा मुलगा हाताशी धरून प्रयोग चालू ठेवले. १९१८ मध्ये दीनानाथही बलवंत संगीत मंडळी काढण्यास निघाले. मूळ संस्था क्षीण होत गेली, हे खरे. तरी जे गेले ते येथील तालीम सोबत घेऊन गेले, आणि म्हणूनच या बहिर्गमनांना मी फूट म्हणण्यास तयार नाही.

त्या तालमीच्या स्मरणार्थ, आपल्या प्राचार्यांच्या संमतीने मी एक अल्प रक्कम महाविद्यालयाच्या स्वाधीन केली आहे. तिच्या व्याजातून दरवर्षी संमेलनात एक पारितोषिक द्यावे. ते उत्कृष्ट अभिनेत्यास अथवा गायिकेस न देता, ज्या वरच्या वर्गातील विद्यार्थ्याने धाकट्यांची तालीम घेतली, त्यास द्यावे, एवढीच माझी अट आहे. यंदाचा मानकरी कोण, हे 'सौभद्रा'तील पात्रांनाच विचारून ठरवावे, अशी माझी विनंती आहे.