टॉर्च ढकलायची की ओढायची?

आजचा भाग वेल्डिंगवाल्यांसाठी. आयटीआयला असाल किंवा नुकतेच कामाला लागला असाल, तर शेवटपर्यंत ऐका.

सांगलीकडे एका वर्कशॉपमध्ये मी नवीन होतो. ऊस हंगाम तोंडावर, ट्रॉल्यांचं काम जोरात. सीओटू मशीनवर हात बसलाय असं मला वाटायचं. दहा एमएम प्लेटचा उभा जोड मी वरून खाली झरझर मारला. बीड इतकी गुळगुळीत आली की मोबाईलवर फोटो काढला! मिस्त्रींनी बघितलं, घण उचलला, दोन ठोके घातले. प्लेट खाली. एका बाजूची कड जशीच्या तशी, वितळलीच नव्हती.

मिस्त्री म्हणाले, "पोरा, भरली ट्रॉली रस्त्यात सुटली असती, तर मागच्या मोटरसायकलवाल्याला हा फोटो दाखवला असतास का?"

त्या दिवशी कळलं, हात कसा फिरवायचा ते जॉब ठरवतो, आपली सवय नाही.

आधी ढकलणं. तारेचं टोक पुढच्या, न झालेल्या जोडाकडे. बीड रुंद आणि चपटी येते, जोड नीट दिसतो, पण धातू कमी खोल जातो. पातळ पत्र्याला हे बरं. ॲल्युमिनियमला तर ढकलायचंच.

ओढताना टोक झालेल्या बीडकडे. बीड अरुंद, उंच येते आणि खोल जाते. फ्लक्स भरलेली तार असेल तर साधारणपणे ओढायचं, नाहीतर स्लॅग आत अडकतो. दोन्हीकडे टॉर्चचा कल दहा ते पंधरा अंश पुरे. जास्त कललात की गॅसचं संरक्षण जातं आणि बीडला भोकं पडतात.

आता उभा जोड. पत्रा तीन एमएमपर्यंत असेल तर वरून खाली चालतं, भोक पडत नाही. जाड प्लेटला खालून वर. वरून खाली येताना वितळलेला धातू आर्कच्या पुढे घसरतो, तार त्याच्यावरच जळते आणि खालची प्लेट थंड राहते. माझं नेमकं हेच झालं होतं.

खालून वर जाताना टॉर्च डावी-उजवी फिरवा. दोन्ही कडांवर क्षणभर थांबा, मधून पटकन जा. कडेला थांबला नाहीत तर तिथे खाच पडते आणि मधे फुगवटा येतो. रुंद जोड एका दमात भरू नका, सरळ बीड शेजारी शेजारी मारा.

आणि नजर आर्कवर नको, वितळलेल्या धातूवर ठेवा. आर्क त्याच्या पुढच्या कडेवर राहिला पाहिजे.

उद्या एक करा. त्याच जाडीच्या भंगार तुकड्यांवर, त्याच सेटिंगला जोड मारा आणि व्हाइसमध्ये धरून तोडून बघा. आत काय दिसलं ते मला व्हॉइस नोटवर सांगा. भेटू पुढच्या भागात!